मे महिन्यातला हिटर

मे महिन्यात, भर दुपारी, सोलापुरात गाडीचा हिटर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते आणि मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, कुत्री गटारात जाऊन बसली होती, आणि माझ्या गुडघ्यांवर भडभुंज्याच्या भट्टीतून यावा तसा वारा येत होता.

"अप्पा, हे जरा बंद करता येईल का?" मी विचारलं.

"बंद केलं तर इंजिन तापेल की ओ."

"मी तापलोय."

"तुम्ही बोलून दाखवू शकता, साहेब. इंजिन बिचारं कुणाला सांगणार?"

मी गुडघे दाराकडे वळवले.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे त्यांना अप्पा म्हणत, आणि सोलापुरात भर चौकात अप्पा म्हणून हाक मारली तर निम्मा चौक वळून बघतो. त्या गर्दीत त्यांची ओळख सुखरूप राहील. कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. आयुष्यभर नागरिक सुधारून पाहिल्यावर उतारवयात ते यंत्रांकडे वळले. त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. नागरिक तासाला मागच्या दाराने पळून जात. अप्पांचं यंत्र कुठेच पळत नव्हतं.

ते यंत्र म्हणजे लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप. उमेदीची वर्षं तिने कुठल्याशा बर्फाळ सरहद्दीवर काढली होती, म्हणून तिच्यात हिटर होता. सोलापुरात आल्यावर दुसऱ्या कुणीही तो पहिल्यांदा काढून टाकला असता. अप्पांना मात्र सबंध जीपमध्ये तेवढाच भाग बुद्धिमान वाटला. "हिटर म्हणजे धाकटा रेडिएटर," ते मला समजावत. "तो उघडला की इंजिनातली उष्णता आपल्याकडे येते. आणि नळ्यांत अडकलेली हवा मोकळी होते."

अडकलेली हवा. इथे आपण अप्पांच्या तत्त्वज्ञानाच्या गाभाऱ्यात शिरतो, तेव्हा चपला बाहेर काढा.

अप्पांच्या मते जगातली कोणतीही गाडी बिघडत नाही. तिच्यात हवा अडकते. इंजिनाभोवती पाणी खेळतं, ते रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. या वाटेत कुठे हवेचा बुडबुडा ठाण मांडून बसला की पाणी पुढे सरकत नाही. इथपर्यंत ते बरोबरच होतं, कोणताही मेकॅनिक मान डोलावील. पुढे मात्र अप्पा एकटेच चालत जात. पट्टा तुटला, हवा. पंप गळतोय, हवा. एकदा जीप रस्त्यात बंद पडली आणि टाकीत डिझेलच नव्हतं, तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "डिझेल संपलं म्हणजे त्या जागी काय आलं? तुम्हीच सांगा."

ही हवा काढण्याचं एक शास्त्र असतं. गाडी चढावर, नाक वर करून उभी करायची, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच येतं. झाकण उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि वाट बघायची. हवा हलकी, ती आपोआप वर येते आणि ढेकर दिल्यासारखी बाहेर पडते. पण सोलापूर सपाट आहे. पाहुण्याला दाखवायला आमच्याकडे तलाव आहे, किल्ला आहे, चादरी आहेत. चढ नाही. त्यामुळे शहरातला एकूण एक चढ अप्पांना पाठ होता. दुसरे लोक चांगलं हॉटेल सांगतात तसे ते चांगला चढ सांगत. "तिकडचा पूल बरा आहे, पण पोलीस उभं राहू देत नाहीत. गोदामाचा उतार उत्तम, पण रविवारीच मोकळा."

एकदा आम्ही दोघे बाजारातून येताना जीप फुरफुरू लागली. अप्पांनी ती सरळ एका प्रसूतिगृहाच्या आवारात घातली आणि स्ट्रेचरसाठी केलेल्या उतारावर, नाक दरवाज्याकडे करून, चढवली. वॉचमन धावत आला.

"पेशंट कुटं हाय?"

"ही काय समोर."

"काय हुतंय?"

"पोटात हवा धरलीय," अप्पा म्हणाले आणि झाकण काढायला फडकं शोधू लागले.

वॉचमन आत पळाला. नर्सबाई चाकाची खुर्ची घेऊन आल्या तेव्हा अप्पा रेडिएटरच्या तोंडाशी कान लावून वाकलेले. त्यांनी बोट वर करून नर्सबाईंना थांबवलं. आतून गुडगुड झाली, मग एक मोठा बुडबुडा फुटला.

"सुटली," अप्पा म्हणाले.

नर्सबाईंनी खुर्चीकडे बघितलं, जीपकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्या क्षणी अप्पांना अजिबात ओळखत नव्हतो.

"दवाखाना हाय ह्यो. ग्यारेज न्हाय."

"उतार मात्र फार छान बांधलाय तुम्ही," अप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं.

हे जीपपुरतं असतं तर मी भाडेकरू म्हणून सुखात राहिलो असतो. पण माझा कूलर पाणी उचलेना, तेव्हा अप्पा वर आले, पंप बाहेर काढून उलटा केला, बादलीत बुडवला, थोपटला, त्याच्याशी कन्नडमध्ये काही बोलले. ते अक्कलकोटच्या पलीकडचे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांची. नाजूक गोष्टी ते कन्नडमध्येच बोलत. बऱ्याच वेळाने मला दिसलं की पंपाची पिन बोर्डात लावलेलीच नव्हती. मी ती लावली, पाणी चढलं. अप्पा हात पुसत म्हणाले, "पिन निमित्त झाली, साहेब. हवा मी आधीच काढली होती."

आता काकूंविषयी सांगायला हवं, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवतींविषयी. काकूंचं माहेर जेऊरकडचं. लग्नानंतर त्या कन्नड शिकल्या, ती नवऱ्याशी त्याच्या भाषेत भांडता यावं म्हणून. भांडण कन्नडमध्ये चाले. निकाल मात्र काकू मराठीत देत, म्हणजे वरच्या मजल्यावर मलाही कळे. त्यांचा कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा धंदा होता. घरातल्या दोन चुलींवर आणि मदतीला येणाऱ्या बायकांवर तो इतका वाढला होता की भाकरी ठेवायला जागा उरली नव्हती. माझ्या जिन्यावर भाकरी, अप्पांच्या पुस्तकांच्या कपाटात भाकरी. अंगणात शेड घातली की प्रश्न मिटला असता. पण अंगणात जीप होती.

दुसरा वाद पाण्याचा. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. आधी नळ नुसते सुसकारे टाकत, मग खोकत, मग पाणी. तो सुसकारा ऐकायला अप्पा मुद्दाम उठून बसत. "बघा, पाइपात हवा," असं समाधानाने म्हणत, जणू महापालिका त्यांच्या सिद्धांताला पाठिंबा देण्यासाठीच पाणी सोडत होती. काकूंचा नियम साधा होता. नळाचं आणि जारचं पाणी माणसाला, बोअरचं गाडीला. आमचं बोअरचं पाणी असं की बादली वाळली की आत पांढरा चुना दिसे. ते वर्षानुवर्षं जीपच्या पोटात जात होतं. प्रत्येक मेकॅनिक एकच सांगे, "अप्पा, रेडिएटर चोक हाय, आत क्षार बसल्यात." आणि अप्पा मेकॅनिक बदलत. आपल्या हयातीत एका तरी मेकॅनिकने म्हणावं की हवा अडकलीय, एवढीच त्यांची इच्छा होती. एकही म्हणाला नाही.

पाणी ओतण्याचीही त्यांची एक रीत होती, आणि ती मात्र वाखाणण्यासारखी होती. पिंडीवर अभिषेक करावा तशी बारीक धार. मध्ये थांबायचं, नळी दाबायची, पुन्हा धार. "घाई केली की पाणीच हवेला कोंडतं," ते म्हणत. "मग ती जन्मभर आत." रेडिएटर भरायला त्यांना लागणाऱ्या वेळात मी दाढी, आंघोळ आणि नाश्ता आटोपत असे.

सगळं बिनसलं ते सांगोल्याच्या रस्त्यावर. काकूंच्या भाचीचा साखरपुडा होता. काकू इरकल नेसून मागे, मी पुढे, माझ्या गुडघ्यांवर हिटर. सांगोल्याच्या अलीकडे जीपने वाफ सोडली. अप्पांनी जवळचं सगळं पाणी संपवलं, तरी तिची तहान भागेना. पलीकडे वस्तीवर टँकर आला होता आणि बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. अप्पा कॅन घेऊन रांगेच्या टोकाशी गेले. नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, रांग मोडणं शक्य नव्हतं. पुढच्या बाईने वळून विचारलं, "कुनाला पायजे पानी?"

"गाडीला."

बाईने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "ऐकलं का गं, आपली शेरडं तान्हेली हायती, आन ह्यांची गाडी तान्हेली हाय."

रांग हसली. दुसरी म्हणाली, "आना की तिलाबी रांगेत. घागर घिऊन हुबी करा."

शेवटी त्यांनीच अर्धा कॅन भरून दिला. तो घेणं हे त्यांचं हसू सोसण्यापेक्षा जड होतं. काकू पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा साखर वाटून झाली होती आणि मंडळी हात धूत होती. काकू येताना अप्पांशी एक शब्द बोलल्या नाहीत, कन्नडमध्येसुद्धा नाही. घरी आल्यावर मला जिन्यावरून खाली बोलावलं, म्हणजे साक्षीदार झाला, आणि मराठीत निकाल सांगितला.

"भाऊ, तुमी ऐका. करमाळ्याला कमलाभवानी आईचं दर्शन ऱ्हायलंय माझं. ह्या जीपनं जायचं. वाटंत एकदाबी न उकळता देवळापतोर पोचली, तर जीप अंगणात ऱ्हाईल, मी मरेपतोर नाव काढणार न्हाय. उकळली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. तुमी पंच."

"मान्य," अप्पा म्हणाले. आवाज खणखणीत होता, पण हात जीपच्या बॉनेटवर होता, म्हातारं जनावर बाजारात नेताना धन्याचा असतो तसा. त्या जीपचं त्यांना काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी तीच एक होती, असा माझा अंदाज आहे.

पुढचे काही दिवस त्यांनी जीपची अशी सेवा केली की काकूंना हेवा वाटला असेल. कुणा नव्या मेकॅनिककडून रेडिएटर उघडून घेतला, आतून चुन्याच्या खपल्या निघाल्या, त्या अप्पांनी पाहिल्या आणि "हवेमुळेच साचतात" म्हणून बाजूला ठेवल्या. निघायच्या सकाळी जीपचं पोट रिकामं करून ते बोअरचा नळ सोडायला गेले, एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार ढकलत बाहेर आल्या.

"घ्या. बोअरचं नका घालू तिला आज."

मी पंच असल्याने चेहरा हलवला नाही. अप्पांचा मात्र हलला. जीप आल्यापासून इतक्या वर्षांत काकूंनी तिला ओल्या फडक्याचासुद्धा लाभ होऊ दिला नव्हता.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"घ्या म्हनलं न्हवं? मला हरायचंय असं समजू नका. उद्या म्हनाल, बोअरच्या पान्यानं घात केला. मला सबब नको."

आणि इथे अप्पांच्या हातून ती गोष्ट घडली. काकूंचं मन बदलायच्या आत, आयुष्यभराचा अभिषेक विसरून, त्यांनी जार उचलला आणि भडाभडा ओतला. पाणी तोंडाशी आलं, सांडलं. त्यांनी झाकण लावलं, उरलेला जार मागे ठेवला आणि म्हणाले, "चला." चढ नाही, वाट बघणं नाही, ढेकर नाही. मला वाटलं, प्रेमाने माणूस सुधारतो ते हे असं.

आणि काय सांगू, जीप चालली. टेंभुर्णी आली तरी तापमानाचा काटा तळाशी झोपलेला. अप्पांनी हिटर लावलाच नाही. खिडकीतून मे महिन्याचा वारा आला तो मला महाबळेश्वरचा वाटला. अप्पा गुणगुणत होते. दर थोड्या वेळाने काट्याच्या काचेवर टिचकी मारत आणि म्हणत, "बघा साहेब. हलत नाही. एक जार चांगलं पाणी, बस."

करमाळ्याच्या अलीकडे काकू मागून म्हणाल्या, "तवा तापल्याचा वास येतोय."

"काटा बघ," अप्पा म्हणाले.

"काटा कशाला बघू? जनम गेला माझा तव्यासमोर. रिकामा तवा तापल्याचा वास हाय ह्यो."

"साकु," अप्पा म्हणाले, म्हणजे पुरे. "हरायला आलं की वास येतात."

जीपचा जोर कमी होत गेला. अप्पा पुढे वाकून बसले, जणू त्यांच्या वजनाने ती ओढली जाणार होती. कमलाभवानीच्या देवळाची कमान दिसली. जीप तिथवर आली, पुढची चाकं कमानीच्या आत गेली, आणि पोटातून एकच कोरडा, लोखंडी आवाज काढून ती जागेवर थांबली. वाफ नाही, धूर नाही, पाण्याचा थेंब नाही. काटा तळाशीच झोपलेला. अप्पांनी चावी फिरवली. काहीही झालं नाही.

मी पंच, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मागची चाकं बाहेर होती. मी घसा खाकरला, पण काकूंनीच खाली उतरून कमानीकडे बघितलं.

"तोंड पोचलं," त्या म्हणाल्या. "मानूस आत आला का न्हाय, ते तोंडावरनंच ठरवत्यात." आणि ओटीचं ताट घेऊन देवळात गेल्या.

जवळच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. पाना लावून त्याने इंजिन फिरवून पाहिलं, ते हललं नाही. मग झाकण उघडलं, आत बोट घातलं, ते कोरडंच बाहेर आलं. एक नळी दाबली, दुसरी दाबली. काकू दर्शन घेऊन आल्या तेव्हा तो उभा राहून कपाळ पुसत होता.

"काय झालं रे बाबा?"

"इंजिन जाम झालंय, काकू. संपलं. पानी भरताना घाई केली वाटतं. हवा अडकली हुती आत. तोंडापतोर भरल्यागत दिसलं, पन गाडी चालल्यावर पानी खाली बसलं आन वरचं इंजिन कोरडंच ऱ्हायलं. काटा पान्यात बुडाला तर सांगंल. त्यो हवेतच हुता, त्याला काय कळतंय?"

मी अप्पांकडे बघायचं टाळलं. आयुष्यभर जिथे नव्हती तिथे त्यांनी हवा शोधली. आणि ज्या दिवशी ती खरोखरच आली, त्या दिवशी तिच्यावर टिचक्या मारत ते गुणगुणत बसले होते. मला वाटलं, हा माणूस आता इथेच पायरीवर बसणार.

अप्पा मेकॅनिकजवळ गेले. "पुन्हा सांगा. काय अडकलं होतं?"

"हवा."

"मोठ्याने सांगा. हिला ऐकू गेलं नाही."

"हवा, हवा अडकली हुती," मेकॅनिक घाबरून म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला.

अप्पांनी त्याचा काळा हात दोन्ही हातांत घेतला. मग काकूंकडे वळून, एखाद्या विद्यापीठाने घरी येऊन पदवी द्यावी अशा थाटात, म्हणाले, "ऐकलंस?"

काकू हसल्या. तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, कमानीला टेकून हसल्या. सांगोल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

जीप ट्रकला बांधून परत आली. ती न उकळता पोचली होती, त्यामुळे काकूंनी शब्द पाळला. भंगारवाला आला नाही. मात्र जीप अंगणात ठेवायची असं ठरलं होतं, अंगणात कुठे, ते ठरलं नव्हतं. काकूंनी ती ढकलून फाटकाशी, तोंड आत आणि पाठ रस्त्याकडे करून लावली. मागचा पडदा वर गुंडाळला, बाकांवर फळ्या टाकल्या, आणि भाकरीचे थर, चटणीच्या पिशव्या त्यावर आल्या. शेडचा प्रश्न मिटला. बॉनेटवर आता मिरच्या वाळतात. सोलापूरच्या उन्हात तो पत्रा इतका तापतो की इंजिनाची उणीव भासत नाही.

मी घर बदललं त्याला बराच काळ झाला, पण भाकरी अजून तिथूनच घेतो. परवा गेलो तेव्हा अप्पा जीपच्या मागच्या बाकावर बसून पिशव्या भरत होते. भाकरी आत सरकवायची, पिशवी छातीशी धरून दोन्ही तळव्यांनी हळूहळू खालून वर दाबत आणायची, शेवटचा सुस्कारा ऐकायचा, आणि मगच मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवायचं. रांगेत चार माणसं ताटकळत उभी होती.

"अप्पा, जरा लवकर," कुणीतरी म्हणालं.

काकू आतून म्हणाल्या, "त्यांना घाई करू नका. घाईनं भरलेली भाकरी मऊ पडती. हवा ऱ्हाती आत."

अप्पांनी माझी पिशवी उलटसुलट करून उजेडात धरली, कानाशी नेली, आणि परत फोडून पुन्हा भरायला घेतली.